‘झाली का पीएच.डी.?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, त्या मधल्या वर्षांत टिकायचं कसं?

चांदूर बाजारच्या एसटी स्टँडवर उतरलं की पहिला माणूस विचारतो, ‘केव्हा आला?’ दुसरा विचारतो, ‘काय करून राहिला सध्या?’ आणि तिसरा, जो बहुतेक वेळा लांबच्या नात्यातला काका असतो, तो थेट मुद्द्यावर येतो. ‘झाली का मंग थे पीएच.डी.?’

पहिल्या वर्षी आपण या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटं देतो. विषय समजावून सांगतो, गाईड कोण आहेत ते सांगतो. दुसऱ्या वर्षी उत्तर दोन वाक्यांवर येतं. तिसऱ्या वर्षी ‘चालू आहे’ एवढंच उरतं. चौथ्या वर्षी मी स्टँडच्या एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीनं घरी जायचो.

(चांदूर म्हटलं की ज्यांना रेल्वे आठवते त्यांच्यासाठी: ते चांदूर रेल्वे, वेगळं. आमचं चांदूर बाजार, अचलपूर आणि मोर्शीच्या मधलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. नरखेड-अमरावती लाइन झाल्यापासून रेल्वे आमच्याकडंही येते, पण लोकांचा गोंधळ काही मिटला नाही.)

पीएच.डी.ला प्रवेश कसा घ्यायचा, नेटचा अभ्यास कसा करायचा, यावर मराठीत भरपूर व्हिडिओ आहेत. प्रवेश मिळाल्यानंतरच्या चार-पाच वर्षांत चांगल्या चांगल्या पोरांची हिंमत का खचते, यावर फारसं कोणी बोलत नाही. जो खचतो त्याला वाटतं की खोट आपल्यातच आहे. म्हणून म्हटलं, हे एकदा नीट बघू.

आधी ‘काय दिवे लावणार’ याचं बघू

हा टोमणा फक्त काकाचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना त्यावेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं आणि राज्यभर गदारोळ झाला. त्या रात्री संशोधकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो राग होता त्यात एक कबुलीही होती. हा प्रश्न आपण स्वतःला रोज विचारतो.

याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९८ मध्ये पापळला शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात शिकायला ब्रिटनला गेले आणि त्यांनी डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर. तो प्रबंध १९३३ मध्ये पुस्तक म्हणून छापून आला. पुढं हाच माणूस देशाचा कृषिमंत्री झाला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. वैदिक धर्म आणि कापूस-ज्वारीचा थेट संबंध शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण एका अवघड प्रश्नाला वर्षानुवर्षं धरून बसायची सवय कुठं कामाला येईल, हे आधी सांगता येत नाही.

अर्थात, हे काकाला स्टँडवर सांगून उपयोग नाही.

सतरा वर्षांची सवय एका दिवसात तुटते

पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंत आपण सतरा वर्षं एकाच प्रकारचा खेळ खेळतो. अभ्यासक्रम छापील, पेपरची तारीख ठरलेली, निकाल लागला की बोर्डावर नाव. वर्षातून एक-दोनदा कोणीतरी आकड्यात सांगतं की तुझं बरं चाललंय. पीएच.डी.पर्यंत पोचणारी पोरं या खेळात पटाईत असतात. चांदूर बाजारहून अमरावतीला शिकायला गेलेली असतील तर जास्तच, कारण मार्कांशिवाय पुढं जायचा दुसरा रस्ता नसतो.

पीएच.डी.च्या सुरुवातीला हा खेळ थोडे दिवस चालू राहतो. पेट दिली, पास झालो. कोर्सवर्क झालं, कमीत कमी १२ क्रेडिटचं. विषय मांडला, समितीनं मंजूर केला. घरी पेढे. आणि त्यानंतर शांतता.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. त्यात काम झालं नाही तर पुनर्नोंदणी करून आणखी २. महिला संशोधक आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे, शिवाय महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. म्हणजे मुदत लांबलचक आहे. पण या मुदतीत मंगळवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. आज आठ तास राबलो ते पुढं जाणारं होतं की वाया गेलं, हे सांगणारं कोणी नाही. बऱ्याचदा गाईडलाही ते माहीत नसतं.

गाईडला माहीत नसतं, हे वाक्य मला तिसऱ्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मार्टिन श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकी संशोधकानं २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये एक छोटा लेख लिहिला होता, संशोधनात मूर्खपणाचं महत्त्व या विषयावर. त्यात ते स्वतःच्या पीएच.डी.ची गोष्ट सांगतात. तिसऱ्या वर्षाला असताना ते एका प्रश्नावर अडले आणि हेन्री टाउब या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाकडे गेले. टाउब यांना दोन वर्षांनी नोबेल मिळालं, यावरून माणूस केवढा होता ते कळेल. त्यांनी सांगितलं, मलाही हे येत नाही. तेव्हा श्वार्ट्झच्या डोक्यात प्रकाश पडला की यांना येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही, आणि म्हणूनच तर हा संशोधनाचा विषय आहे. आपल्याला कळत नाहीये ही जाणीव मग कमीपणाची राहिली नाही. काम योग्य जागी चाललंय याची ती खूण झाली.

इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ उरी अलोन याच अवस्थेला ‘ढग’ म्हणतात. ‘अ’ पासून निघालो, ‘ब’ ला जायचं होतं, मध्येच सगळी गृहीतकं फसली आणि आपण ढगात सापडलो. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक खऱ्या संशोधनात हा ढग येतोच, फक्त शोधनिबंध लिहिताना तो कोणी दाखवत नाही. छापून आलेला पेपर वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस सरळ रस्त्यानं गेला, मीच भरकटलोय.

त्यात आपल्याकडं एक जास्तीचा थर असतो. घरात पहिलाच पदवीधर. बोलताना वऱ्हाडी निसटते. परिषदेत कोणी सफाईदार इंग्रजीत प्रश्न विचारला की येत असलेलं उत्तरही घशात अडकतं. आपण चुकून इथं आलोय आणि एक दिवस हे सगळ्यांना कळणार, ही भीती. १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी या भीतीचं वर्णन केलं, तेच आज ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ नावानं सगळीकडं फिरतं. त्यांनी ज्यांच्याशी बोलून ते लिहिलं त्या बायका आपापल्या क्षेत्रात यशस्वी झालेल्या होत्या. भीतीचा आणि कुवतीचा संबंध असतोच असं नाही, हे त्यातून लक्षात येतं.

आणि हे प्रमाण किती? २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये २६ देशांतल्या २,२७९ जणांची पाहणी आली होती, त्यात बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी होते. मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं ३९ टक्के जणांत दिसली. सर्वसाधारण लोकांत हाच आकडा ६ टक्के धरला होता. ज्यांनी पाहणीला उत्तरं दिली त्यांचीच ही आकडेवारी, त्यामुळं ती थोडी फुगलेली असू शकते. तरी निम्मी केली तरी लहान नाही.

एका वर्षाच्या ‘प्रोबेशन’वर राहिलेली मुलगी

आता एक गोष्ट, जी मराठी घरात सगळ्यांना माहीत असायला हवी.

१९३३ साल. कमला भागवत मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आली. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएससीत शिकलेले. तिनंही तिथंच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

ती बंगळुरूला जाऊन थेट त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मला नाकारण्याचं कारण सांगा म्हणाली. हटलीच नाही. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी धरलं जाणार नाही. गाईड सांगतील तेव्हा रात्रीपर्यंत काम करावं लागेल. आणि तिच्यामुळं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

शेवटची अट परत वाचा. बाविशीच्या आतबाहेरची पोर, विद्यापीठात पहिली आलेली, आणि तिच्या असण्यानंच वातावरण बिघडतं असं तिला लेखी-तोंडी ऐकवलं गेलं. तुमच्या-माझ्या डोक्यात जी भीती नुसती शंका म्हणून असते, ती तिला संचालकाच्या खुर्चीतून सांगितली गेली होती.

तिनं काय केलं? श्रीनिवासय्या या गाईडच्या हाताखाली दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरानं रामन यांची खात्री पटली, तिला रीतसर प्रवेश मिळाला, आणि त्यानंतर तिथं मुलींना घ्यायला सुरुवात झाली. १९३६ ला एम.एस्सी. मग केंब्रिज. तिथं प्रयोगशाळेत जागा नव्हती, तर डेरेक रिश्टर यांनी स्वतःचं टेबल दिवसा वापरायला दिलं. पुढं रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना तिनं दाखवलं की सायटोक्रोम सी हे प्रथिन, जे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढं सरकवायचं काम करतं, ते वनस्पतींच्या पेशींतही असतं. प्रबंध किती पानांचा? साधारण ४०. काम किती महिन्यांचं? १४. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. हातात. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमला सोहोनी हे नाव पुस्तकात येतं ते यामुळं.

ही गोष्ट सोशल मीडियावर ‘जिद्दीला सलाम’ अशा कॅप्शननं फिरते, आणि तिथंच माझं थोडं वाकडं आहे. कारण जिद्द एकटी असती तर ती मुंबईतच राहून गेली असती. तिच्यामागं शिकलेलं घर होतं, नीट वागणारा गाईड होता, टेबल देणारा रिश्टर होता. शिवाय त्या अपमानाचा राग गेलाही नाही. रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण स्त्रियांच्या बाबतीत संकुचित होते, हे त्या कित्येक वर्षांनंतरही स्पष्ट बोलत. म्हणजे आत्मविश्वास आधी आला आणि मग काम झालं, असा क्रम नव्हता. राग होता, अपमान होता, आणि त्यासकट रोज प्रथिनं मोजली जात होती. विश्वास आला असेल तर तो त्या मोजणीतून.

निकाल उलटा आला तर?

दुसरी भीती असते की एवढं करून हाती काहीच लागलं नाही तर.

इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्याकडं. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा विषय मिळाला. फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्या लोकांच्या कवटीत आणि बाकीच्यांच्या कवटीत फरक असणारच, अशी धारणा त्या संस्थेच्या भिंतीतच मुरलेली होती. इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गाईडला नको असलेला निष्कर्ष. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

‘काही सापडलं नाही’ हाही निष्कर्ष असतो, एवढं यातून घ्या. फक्त मोजमाप चोख हवं.

आता माझ्या पेट्री डिशकडं येऊ

माझा विषय आपल्या भागातलाच, संत्र्याचा डिंक्या. झाडाच्या बुंध्यातून डिंक वाहायला लागतो, पानं पिवळी पडतात, झाड हळूहळू जातं. बुरशीसारख्या एका जिवामुळं, फायटोफ्थोरामुळं. तो मातीतून वेगळा काढताना तिसऱ्या वर्षी माझ्या डिशमध्ये सलग तीन महिने दुसरीच बुरशी वाढत होती. मी काय केलं? गाईडला टाळायला लागलो. डिपार्टमेंटला मागच्या दारानं जायचो. चार महिने भेट नाही. जितके दिवस टाळलं तितकं तोंड दाखवणं अवघड होत गेलं.

शेवटी बाबांनी विचारलं, कॉलेजात जातं का नाही? बागेत होतो आम्ही. डिसेंबर संपत आलेला, आंबिया बहाराचा ताण चालू होता. ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी: फुलं यावीत म्हणून संत्र्याचं पाणी काही आठवडे तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, मग पाणी सोडलं की फुटतं. भारी काळ्या जमिनीत ताण जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या जमिनीत कमी. आणि दिवस मोजून कोणी ताण तोडत नाही, पान बघून तोडतात. बाबा म्हणाले, ‘जास्त झाला तं झाडच जाते. फुलं कायची येते मंग?’

ते झाडाबद्दलच बोलत होते. मला मात्र दुसऱ्या दिवशी अमरावतीची पहिली गाडी पकडावीशी वाटली.

गाईड रागावले नाहीत. रागावले असते तरी चाललं असतं. त्यांनी डिश बघितल्या, मीडियात घालायचं अँटिबायोटिक बदलायला सांगितलं आणि म्हणाले की हे मलाही एम.फिल.ला असताना झालं होतं. चार महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

मग करायचं काय

सगळ्यात आधी, तुमच्याच विभागातले जुने प्रबंध वाचा. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट मिळतात, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचेही. आपण वाचतो ते जगातल्या नामवंत जर्नलमधले पेपर आणि स्वतःला त्यांच्या शेजारी उभं करतो. त्याऐवजी आपल्याच डिपार्टमेंटमधून गेल्या दहा वर्षांत मंजूर झालेले पाच प्रबंध उघडा. काही सुंदर असतात. काहींत टंकलेखनाच्या चुका असतात, नमुन्यांची संख्या लहान असते, शेवटचं प्रकरण घाईत लिहिलेलं असतं. आणि तरी ती माणसं डॉक्टर झाली. प्रबंध म्हणजे आयुष्याचं शेवटचं काम असायला लागत नाही, हे डोळ्यांनी बघितल्यावरच पटतं.

दुसरं, मोठ्या कामाचा असा तुकडा पाडा की जो पंधरा दिवसांत ‘संपला’ म्हणता येईल. ‘साहित्याचा आढावा घेणे’ हा तुकडा नाही, तो कधीच संपत नाही. ‘डिंक्यावरचे विदर्भातले बारा पेपर वाचून दोन पानं लिहिणे’ हा तुकडा आहे. मार्कांची सवय सुटत नसेल तर सोडू नका, स्वतःच मार्क द्यायची सोय करा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या कामाची एक ओळ लिहायचो. काही दिवशी ‘मीडिया तयार केला, ऑटोक्लेव्ह बंद’ एवढीच. वर्षअखेरीस ते कॅलेंडर चाळलं तेव्हा कळलं की वाटलं होतं त्याच्या तिप्पट काम झालंय.

तिसरं, गाईडशी. भेट झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका: आज हे ठरलं, मी हे करतो, पुढची भेट अमुक तारखेला. उर्मटपणा नाही हा. गाईडकडं वर्ग असतात, नॅकचं काम असतं, परीक्षेची ड्युटी असते, आपलं काय ठरलं ते ते विसरतात. नियमात संशोधन सल्लागार समितीही आहे, आरएसी म्हणतात तिला. दर सेमिस्टरला तिच्यासमोर प्रगती मांडायची असते. बरेच जण ती फक्त सही घेण्यापुरती मानतात. तिथं अडचण बोलून दाखवा, गाईडव्यतिरिक्त कोणीतरी तुमचं काम बघायचं ते एकच ठिकाण आहे. आणि प्रकरण खरंच बिघडलं असेल, काम अडवलं जात असेल, तर गाईड बदलायची प्रक्रिया असते, तक्रार निवारण समिती असते, २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठात लोकपाल असतो. तिथं जाताना तेच चार ओळींचे मेल कामाला येतात.

चौथं, एकट्यानं करू नका. आपल्याच तालुक्यात माधान आहे. तिथले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, आयुष्य मिळालं ३४ वर्षांचं, १८८१ ते १९१५, आणि त्यांच्या नावावर शंभराहून जास्त ग्रंथ आहेत. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याला. मला त्यातलं रोजचं काम दिसतं: कोणीतरी वाचून दाखवायचं, कोणीतरी लिहून घ्यायचं. तुमच्याकडं डोळे आहेत, पण तुमचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायला एक माणूस तरी ठेवा. तो तुमच्या विषयातला नसला तर आणखी चांगलं. त्याला कुठं कळलं नाही, तिथं बहुतेक वेळा तुम्हालाही कळलेलं नसतं.

पैशाचं बोलायलाच हवं

हिंमत हा फक्त मनाचा विषय आहे असं जे सांगतात त्यांना वेळेवर पगार मिळत असतो.

जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफला ४२,००० रुपये, अधिक घरभाडं. चांगली रक्कम आहे. पण ती पाच वर्षं, आणि पीएच.डी.ची मुदत सहा. शेवटचं वर्ष, जेव्हा लिहायचं असतं, नेमकं तेव्हा हात रिकामा होतो. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी तर संशोधकांना पुण्या-मुंबईत आंदोलनाला बसावं लागलंय. ज्याला यातलं काहीच नाही तो तासिका तत्त्वावर शिकवतो, सुट्टी लागली की पगार बंद. उरलेल्या वेळात पीएच.डी.

म्हणून पहिल्या वर्षापासून शेवटच्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला सुरुवात करा. आणि घरी आकड्यात सांगा: किती येतात, कधी येतात, कधी थांबणार. ‘होईल काहीतरी’ असं सांगितलं की घरचे जास्त घाबरतात.

पोस्टडॉक म्हणजे काय, आणि तिथं काय होतं

पीएच.डी. झाली की सुटलो, असं वाटतं. विज्ञानात तसं होत नाही. कायम नोकरी मिळेपर्यंत दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत एक-दोन-तीन वर्षांच्या करारावर संशोधन करायचं, ते पोस्टडॉक. भारतात सरकारी प्रकल्पांत रिसर्च असोसिएटला २०२३ पासून ५८,००० ते ६७,००० मिळतात. नाव डॉक्टर, वय तिशी ओलांडलेलं, भाड्याची खोली, आणि करार संपायच्या आधी नवा अर्ज. काकाचा प्रश्नही बदलतो. ‘डॉक्टर झाला ना तू, मंग परमनंट कायले नाही?’

इथं नकार रोजचा होतो. म्हणून एक गोष्ट मनावर घ्या. २०१० मध्ये मेलानी स्टेफान या संशोधिकेनं ‘नेचर’मध्ये सुचवलं की प्रत्येकानं आपल्या अपयशांचाही बायोडेटा ठेवावा. २०१६ मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी तसा खरंच प्रसिद्ध केला, नाकारलेले अर्ज, न मिळालेल्या फेलोशिप, सगळं. त्या यादीत शेवटी त्यांनी लिहिलं की माझ्या बाकी सगळ्या कामापेक्षा या कागदाची चर्चा जास्त झाली. तुमची यादी प्रसिद्ध करू नका हवं तर, पण ठेवा. दहा अर्जांमागं एक लागला हे कागदावर दिसलं की अकरावा अर्ज भरायला हात उठतो.

आणि सोडावीशी वाटली तर

मघाची कमला भागवत आठवते? त्याच घरात तिची मोठी बहीणही पीएच.डी. करत होती. आदिवासी संस्कृतीवर. मध्य प्रदेशात फिरताना तिला विषबाधा झाली आणि सहा वर्षं ती अंथरुणाला खिळली. प्रबंध राहिला तो राहिलाच. तिचं नाव दुर्गा. दुर्गा भागवत. ‘पैस’ला १९७१ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या. त्यांच्या नावामागं ‘डॉ.’ नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सोडायची असेल तर सोडा, पण वाईट आठवड्यात निर्णय घेऊ नका. दोन महिने थांबून, गाईडशी आणि घरी बोलून घ्या. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगावंसंच वाटत नसेल, तर तो प्रबंधाचा प्रश्न राहिलेला नाही, तेव्हा उशीर करायचा नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. फोन करणाऱ्याला कोणी गाईडचं नाव विचारत नाही.

राहता राहिला काका. पाचव्या वर्षी मी परत स्टँडवर उतरायला लागलो. त्यानं विचारलं, झाली का? मी म्हटलं, काका, पाच प्रकरणं आहेत, तीन लिहून झाली, एकशे दहा पानं. तो थोडा वेळ हिशोब करत राहिला.

‘एकशे दहा? अन् अजून दोन बाकी? मंग पानाच्या दोन्ही बाजूनं लिहून राहिला का एकाच?’

एकाच, म्हटलं.

‘मंग पंचावन्नच झाले ना बे.’